तीनशे मीटरचा रस्ता आणि ठेकेदाराचे बिल

नागपूरच्या मानेवाडा ते बेसा या पट्ट्यात, शेतातून लेआउट झालेल्या एखाद्या वस्तीतला रस्ता डोळ्यासमोर आणा. लांबी ३०० मीटर, रुंदी ७ मीटर. दिवाळीनंतर काम झाले, मार्चमध्ये रस्ता काळाकुळकुळीत दिसत होता आणि पोळा यायच्या आत गिट्टी मोकळी झाली. गल्लीत यावर दोनच निदाने ऐकू येतात: ठेकेदाराने डांबर खाल्ले, नाहीतर यंदा पाऊसच फार झाला. दोन्हींत तथ्य असू शकते. पण रस्ता फुटण्याची कारणे बहुतेक वेळा रोलर साइटवर येण्याआधीच अंदाजपत्रकात आणि निविदेच्या अटींत लिहून झालेली असतात. नियोजनात जे सुटले त्याची जोखीम ठेकेदाराच्या गळ्यात बांधली जाते आणि ठेकेदार ती रस्त्याच्याच पोटातून वसूल करतो. म्हणून रस्त्याचे नियोजन आणि ठेकेदाराशी होणारा व्यवहार हे दोन विषय सुटे करून बोलण्यात अर्थ नाही.

काळी माती

नागपूरच्या बऱ्याच भागाखाली काळी कपाशीची माती आहे. पाणी पिऊन ती फुगते, मे महिन्यात आकसून भेगाळते. अशा मातीवर थेट गिट्टी टाकली तर वरचा थर कितीही चांगला असला तरी खालची जमीन वर्षातून एकदा वर-खाली होते आणि रस्त्याला लांबीच्या दिशेने, कडेला समांतर भेगा पडतात. भेगेतून पाणी आत गेले की पुढचे काम वाहने करतात.

हे आधी कळण्यासाठीची चाचणी अगदी साधी आहे. चाळलेली कोरडी माती १० ग्रॅम पाण्याच्या नळीत आणि १० ग्रॅम रॉकेलच्या नळीत २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक ५० टक्क्यांच्या वर गेला तर ती माती भरावाला चालत नाही. दुसरी चाचणी सीबीआरची. चार दिवस भिजवलेल्या मातीत लोखंडी दट्टा रोवायला किती जोर लागतो आणि तोच दट्टा प्रमाणित दगडी खडीत रोवायला किती लागतो, याची ती तुलना. काळ्या मातीचा आकडा अनेकदा २ ते ३ टक्क्यांवरच थांबतो. मग उपाय दोन: माती काढून चांगला मुरूम भरणे, किंवा मातीत ३ ते ५ टक्के चुना मिसळून ती बसवणे. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राखही भरावासाठी वापरता येते, मात्र तिला बाजूने आणि वरून मातीचे आच्छादन लागते.

आता ही चाचणी न करता, जुन्या रस्त्याचे अंदाजपत्रक लांबी-रुंदी बदलून पुढे पाठवले असे समजा. असे होतेच. खोदल्यावर काळी माती निघते, पण माती काढून मुरूम भरण्याची बाबच कामाच्या यादीत नाही. ठेकेदाराने सांगितले तर ती 'जादा बाब' ठरते. तिच्या दराचे विश्लेषण, उपअभियंत्याचा प्रस्ताव, वरची मान्यता यांत महिने जातात आणि कामाची मुदत मात्र चालूच राहते. सांगितले नाही तर वरून गिट्टी पसरून मोकळे होता येते. व्यवस्थाच ज्याला गप्प बसायला शिकवते, त्याच्याकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवणे जरा जास्तच आहे.

पाण्याला वाट

रस्त्याचा सर्वांत मोठा शत्रू पाणी, हे सगळ्यांना पाठ आहे. आराखड्यात मात्र पातळ्यांचा कागदच नसतो. ७ मीटर रुंद डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे २.५ टक्के उतार द्यायचा म्हणजे मध्यभाग कडेपेक्षा जवळपास ९ सेंटिमीटर उंच हवा. सिमेंट रस्त्याला २ टक्के, म्हणजे ७ सेंटिमीटर. मध्यावर दोरी धरून ती कडेपर्यंत समतल ताणली की हे कुणालाही मोजता येते.

सिमेंट रस्त्यांच्या बाबतीत घोळ उंचीचा होतो. खालचा कोरड्या काँक्रीटचा थर १५० मिलिमीटर आणि वरचा स्लॅब २०० मिलिमीटर धरला तर ३५० मिलिमीटर होतात. जुना रस्ता न खोदता हे वर चढवले तर घराच्या दोन पायऱ्या रस्त्याखाली जातात आणि अंगण गल्लीचे तळे होते. नागपुरात सिमेंट रस्त्यांबद्दल ही तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे शहरात पूर आला. त्याचे मूळ अंबाझरी तलाव आणि नाग नदीच्या पात्रात होते, पण गल्लीत शिरलेले पाणी लवकर ओसरते की घरातच थांबते, हे रस्ता आणि जोते यांच्या पातळीवर ठरते.

म्हणून आराखड्याला तीन गोष्टी जोडलेल्या हव्यात: प्रत्येक घराच्या जोत्याची पातळी, रस्त्याचा लांबीतला छेद, आणि पाणी शेवटी कुठल्या नाल्यात पडणार त्या जागेची पातळी. ऑटो लेव्हल हे पातळी मोजायचे यंत्र घेऊन दोन माणसे ३०० मीटरचे हे काम एका दिवसात करतात. दोन्ही कडांना पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट करून गल्ली पॅकबंद केली असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. गिट्टीच्या खालच्या थरात झिरपलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवली आहे का? नसेल तर तो थर म्हणजे झाकण लावलेले टाके.

गडर लाइन आधी

कामाचा क्रम खोलीप्रमाणे लागतो. सर्वांत खोल गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची, मग पावसाळी नाली, मग पाण्याची लाइन, मग वीज आणि फायबरच्या केबल, शेवटी रस्ता. मुख्य लाइनी सहसा लक्षात असतात. राहतात त्या घरगुती जोडण्या. ३०० मीटरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना मिळून ४० घरे धरली तर प्रत्येकाचा एक नळ आणि एक गडर, म्हणजे ८० जोडण्या. त्यांतल्या चारच घरांनी नंतर रस्ता फोडला तरी रस्त्यावर चार पट्टे पडतात, आणि पहिल्या पावसात बसतात ते हेच पट्टे. मोकळ्या प्लॉटसमोरही जोडणी काढून तिला बूच मारून ठेवावे, आणि दर काही अंतरावर रस्त्याखालून आडवे रिकामे पाइप टाकून ठेवावेत. केबलवाल्यांना मग खोदायचे कारण उरत नाही.

चर बुजवण्यातही हातचलाखी चालते. खोदलेली माती एकदम लोटून वरून डांबर फासले की झाले! खरे तर भराव १५ सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, प्रत्येक थर ठोकून करायचा असतो. वरचा डांबरी भाग चरापेक्षा दोन्हीकडे थोडा जास्त कापून नवा थर जुन्या पक्क्या भागावर टेकवायचा असतो.

यात नागपूरची खास अडचण मालकीची. देशाची पहिली वीस वर्षांची रस्ते योजना १९४३ साली नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत ठरली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्राम मार्ग ही वर्गवारी त्या 'नागपूर योजने'ने रुजवली. ज्या गावात रस्त्यांची मालकी नीट मांडली गेली त्याच गावात आज एक रस्ता महापालिकेचा, पुढचा नागपूर सुधार प्रन्यासचा, हद्दीबाहेरचा एनएमआरडीएचा (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा), मधला तुकडा सार्वजनिक बांधकाम विभागाचा आणि चौकापलीकडचा महामार्ग प्राधिकरणाचा असू शकतो. मेट्रोचे काम चालू असताना खांबांखालचा पट्टा महामेट्रोच्या ताब्यात होता, तो भाग वेगळाच. प्रत्येकाचे वर्षाचे वेळापत्रक स्वतंत्र. सप्टेंबरमध्ये या सगळ्यांनी एका नकाशावर पुढच्या बारा महिन्यांची खोदाई मांडली आणि डांबरीकरण झालेला रस्ता ठरावीक वर्षे फोडायचा नाही असे ठरवले, तर निम्मे भांडण तिथेच मिटेल. समन्वय समितीच्या बैठका होतात, पण नकाशा एक नसतो.

याचा फटका ठेकेदाराला कसा बसतो ते पाहा. सहा महिन्यांच्या मुदतीचा कार्यादेश हातात पडतो. विजेचे खांब हलायला चार महिने लागतात, त्यात झाडतोडीची परवानगी अडकलेली. यंत्रे उभी, मजुरांचा खर्च चालू. शेवटी दंडाची नोटीस येते ती ठेकेदाराला. महाराष्ट्रात वापरल्या जाणाऱ्या करारनाम्याच्या बी-१ नमुन्यात उशिराचा दंड कलम २ मध्ये आहे आणि मुदतवाढ कलम ६ मध्ये. अडथळा आल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी अर्ज करायचा असतो. लहान ठेकेदार हमखास इथेच चुकतात. साहेबांना फोन करतात, पत्र देत नाहीत. अडथळा नोंदवही रोज भरून तिच्यावर कनिष्ठ अभियंत्याची सही घेणे, तारखेसह फोटो ठेवणे आणि पत्राची आवक क्रमांकासह पोच जपणे, एवढे केले तर दंड पुष्कळदा टळतो. एखाद्या बाबीचे परिमाण २५ टक्क्यांहून जास्त वाढले तर कलम ३८ खाली नव्या दराची मागणीही वेळेवर टाकावी लागते. साइट मोकळी असल्याचा दाखला जोडल्याशिवाय कार्यादेशच निघू नये, हा नियम पाळला तर मात्र या सगळ्या कागदांची गरजच कमी होईल.

दोनशे टनांचा हिशेब

आपल्या रस्त्याचे क्षेत्रफळ २,१०० चौरस मीटर. वरचा डांबरी काँक्रीटचा थर ४० मिलिमीटर म्हणजे ८४ घनमीटर, दाबल्यावर साधारण २०० टन. त्यात ५.४ टक्के डांबर धरले तर १०.८ टन. थर ४० ऐवजी ३५ मिलिमीटर झाला तर २५ टन माल वाचला. डांबर ५.४ ऐवजी ४.९ टक्के घातले तर एक टन डांबर वाचले. दोन्ही चोऱ्या डोळ्याला दिसत नाहीत. पहिली रस्त्यातून कोअर, म्हणजे थराचा गोल तुकडा, कापून कळते, दुसरी प्रयोगशाळेत नमुन्यातले डांबर धुऊन काढल्यावर.

चोरी नसतानाही काम बिघडते ते तापमानामुळे. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा माल प्लांटवर १५० ते १६५ अंशांत तयार होतो, पेव्हर या पसरणाऱ्या यंत्रात पडताना किमान १४० हवा आणि ९० च्या खाली जाण्याआधी रोलिंग पुरे झाले पाहिजे. टिप्परवर ताडपत्री नसेल आणि तो रिंग रोडच्या सिग्नलवर तासभर अडकला तर हे गणित मोडते. हवा १० अंश किंवा त्याखाली असताना डांबर टाकायचेच नाही, असा नियम आहे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर सिव्हिल लाइन्सच्या बाजूला रात्री घाईने रोलर फिरतात, तेव्हा नागपूरचा पारा नेमका तिथेच घुटमळत असतो. थंड माल दाबला जात नाही, आत हवा राहते, हवेच्या जागी पुढे पाणी येते.

दोन थर एकमेकांना चिकटवणारा टॅक कोट ही सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत आधी गाळली जाणारी बाब. जुन्या डांबरी पृष्ठभागावर चौरस मीटरला ०.२ ते ०.३ किलो इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेले पातळ डांबर, लागते. आपल्या रस्त्याला साधारण ५२५ किलो, म्हणजे २०० किलोचे अडीच ड्रम. साइटवर एकच रिकामा ड्रम दिसला तर प्रश्न विचारावा. आधी धूळ हवेच्या झोताने उडवलेली हवी, नाहीतर इमल्शन धुळीला चिकटते आणि थर पापडासारखा सुटतो.

सिमेंट रस्त्याचा त्रास उलट, उन्हाळ्याचा. काँक्रीटचे तापमान टाकताना ३० अंशांवर जाऊ नये. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी हे जमणे कठीण, म्हणून काम रात्री करावे. सांधे काँक्रीट टाकल्याच्या दुसऱ्या सकाळपर्यंत, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, स्लॅबच्या पाव ते तृतीयांश जाडीइतके कापावेत. उशीर झाला तर काँक्रीट स्वतःच आपल्या मर्जीने सांधा पाडून घेते. त्यानंतर १४ दिवस ओले ठेवणे आले. अंदाजपत्रकात त्या पाण्याच्या टँकरचा विचार झालेला असतो का, हेही बघण्यासारखे आहे.

निविदेची चाळणी

केंद्रीय दक्षता आयोगाची जुनी मार्गदर्शक चौकट अशी: पूर्वी केलेले सारखे काम निविदा रकमेच्या ८० टक्क्यांचे एक, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ४० टक्क्यांची तीन. ५० लाखांच्या गल्लीसाठी ४० लाखांचे एक काम पुरते. असे काम केलेले ठेकेदार नागपुरात भरपूर आहेत. आता वेगवेगळ्या वस्त्यांतल्या अशा २० गल्ल्या एकत्र करून १० कोटींची एकच निविदा काढली, की अनुभव ८ कोटींच्या कामाचा लागतो आणि चाळणीतून दोन-तीन मोठ्या कंपन्याच खाली उतरतात. पुढे काय होते? समजा दर १० टक्के कमी गेला, कंपनीने आणखी १० टक्के स्वतःकडे ठेवले आणि गल्ल्या त्याच स्थानिक ठेकेदारांना पोटठेक्याने दिल्या. ५० लाखांच्या गल्लीत राबणाऱ्याच्या हाती साडेचाळीस लाख पडतात. साडेनऊ लाख रुपये रस्त्यात पोहोचलेच नाहीत.

एकत्रीकरण सरसकट वाईट नाही. एकाच रस्त्याची गडर, नाली आणि डांबर ही कामे एकाच ठेक्यात असावीत, म्हणजे 'चर त्याने नीट बुजवला नाही' हे रडगाणे संपते. एकत्र करायचे ते एका रस्त्याचे थर, दहा वस्त्यांचे रस्ते नव्हेत. आपल्याकडे नेमके उलटे होते.

बोलीक्षमतेचे, म्हणजे ठेकेदार किती रकमेची निविदा भरू शकतो याचे, सूत्रही समजून घेण्यासारखे आहे. गेल्या पाच वर्षांतली एका वर्षाची सर्वांत मोठी उलाढाल, गुणिले कामाची मुदत वर्षांत, गुणिले २, आणि त्यातून हातातली शिल्लक कामे वजा. उलाढाल २ कोटी, मुदत सहा महिने, तर २ × ०.५ × २ म्हणजे २ कोटी. हातात १ कोटी २० लाखांची कामे असतील तर उरले ८० लाख. गोम अशी की खांब न हलल्यामुळे अडकलेले कामही 'हातातले' म्हणून वजा होते. खात्याच्या उशिरामुळे ठेकेदार पुढच्या निविदेला अपात्र ठरतो.

छोट्या कामांसाठी राज्यात ३३:३३:३४ अशी वाटणी आहे: सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले नोंदणीकृत ठेकेदार. कल्पना चांगली आहे. पण संस्थेचे लेटरहेड एकाचे आणि रोलर दुसऱ्याचा, असा प्रकार झाला की तिचा अर्थ जातो. स्थानिक ठेकेदार म्हणजे आपोआप सज्जन असेही नाही. आपसांत रिंग करून दर वर ठेवणारेही स्थानिकच असतात. पत्त्यावरून काम देण्याची मागणी चुकीची आहे. अट कामाच्या आकाराला साजेशी असावी, एवढे मागणे रास्त आहे.

आणि पडेल दर. अंदाजपत्रकातल्या दरांत ठेकेदाराचा नफा साधारण १० टक्के धरलेला असतो. २५ टक्के कमी दराने कुणी काम घेतले तर उरलेले १५ टक्के कुठून आणणार, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. जादा सुरक्षा ठेव घेतली म्हणून रस्ता जाड होत नाही.

बिल

१० लाखांचे चालू बिल घेऊ. जुलै २०२२ पासून सरकारी बांधकामावर जीएसटी १८ टक्के, म्हणजे बिल ११ लाख ८० हजारांचे. मालक एकटा असेल तर आयकर १ टक्का, जीएसटीची कपात २ टक्के, कामगार उपकर १ टक्का, आणि सुरक्षा ठेव ५ टक्के धरली तर ९० हजार कापले जातात. हाती १० लाख ९० हजार, त्यातून जीएसटीचा भरणा वेगळा. गौण खनिजाच्या रॉयल्टीच्या पावत्या नसतील तर तीही कपात होते. एवढ्यावर कुणाचीच तक्रार नसते.

तक्रार असते ती बिल नऊ महिने न निघाल्याची. गिट्टी आणि डांबर उधारीवर घेतले, अडकलेल्या १० लाख ९० हजारांवर व्याज महिन्याला दीड टक्का धरले, तर नऊ महिन्यांचे व्याज जवळपास १ लाख ४७ हजार. नफा धरला होता १ लाख. कोअर न कापता, डांबर न चोरता, पूर्ण प्रामाणिक कामातही हा माणूस तोट्यात गेला. पुढच्या वेळी तो उशीर गृहीत धरून दर भरतो, नाहीतर थर पातळ करतो.

पैसे अडण्याचे कारण बहुधा तरतुदीपेक्षा जास्त कामांना दिलेली मान्यता. बांधकाम विभागात रस्त्यांच्या देखभालीचे अर्थसंकल्पी शीर्ष ३०५४, भांडवली कामांचे ५०५४. शीर्षात पैसा आहे की नाही हे पाहूनच कामाला सुरुवात करावी, आणि ठेकेदाराने निविदा भरण्याआधी तरतुदीची चौकशी करावी. डांबराचे दर तेल कंपन्या दर पंधरवड्याला बदलतात, तेव्हा कमी मुदतीच्या कामातही डांबरापुरता दरफरक द्यावा. मार्चअखेर धनादेशांची लूट होते त्याऐवजी बिले मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदीच्या तारखेच्या क्रमाने निघावीत आणि ती यादी उघड असावी.

लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांत पैसे आणि उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज अशी तरतूद आहे. उद्यम नोंदणी केली की हे संरक्षण मिळेल, असे अनेक ठेकेदार धरून चालतात. बांधकामाच्या एकत्रित ठेक्यांना तो कायदा लागू होत नाही, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आहेत. तेव्हा व्याजाचे कलम करारातच असणे गरजेचे.

नागरिकांना हे सगळे तपासायचे असेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज पुरतो. मागायची कागदपत्रे चारच: मंजूर अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पाने, चाचणी अहवाल, आणि बिल सादर झाल्याची व दिल्याची तारीख. शेवटची तारीख फारसे कुणी मागत नाही.

राहिली सुरक्षा ठेव. ती दोषदायित्वाचा काळ, म्हणजे बिघाड ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपल्यावर परत मिळते आणि त्याआधी संयुक्त पाहणी होते. ही पाहणी सोयीने एप्रिल-मेमध्ये उरकली जाते, तेव्हा कोरड्या रस्त्यावर काहीच दिसत नाही. ती जुलैत करावी, चांगला पाऊस पडून उघडल्यावर दोन तासांनी, दोरी आणि खडू घेऊन. जिथे पाणी उभे आहे तिथे खडूने गोल काढावा आणि तो भाग उतार चुकल्यामुळे आहे की चर बसल्यामुळे, हे त्याच वेळी दोघांच्या सहीने लिहावे. पहिली चूक आराखड्याची असेल तर ठेव अडवू नये. दुसरी असेल तर ज्याने चर बुजवला त्याच्याकडून तो भरून घ्यावा.